दवाखान्याचा ठराव

गड्यांनो, पंचायत समितीवर निवडून गेलो, तवाची माझी पहिलीच सभा. बीडीओ साहेब भराभर ठराव वाचायचे आणि आमी सभासद नुसतं "मंजूर, मंजूर" म्हणायचो. मधीच ऐकलं, आमच्या खोऱ्यातला दवाखाना तालुक्याच्या गावी, मेढ्याला हलवायचा. अडलेली बाई डोलीतनं मेढ्याला न्यायची म्हंजे वाटंतच जीव जायचा. मी उभा राहिलो.

"साहेब, थांबा. ह्याला माझा इरोध हाय."

मला वाटलं, आता हाकलत्यात. तेवढ्यात मागनं आवाज आला, "माझाबी." मग आणखी एक. बघता बघता निम्म्याहून जास्त हात इरोधात वर झाले. ठराव पडला अन् माझ्या जिवात जीव आला.

भाईर सभापतींनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बरं झालं बोललास रं. आपल्याला न्हाई म्हणता येतं, हे मलाबी आजच कळलं."