टोपी काढायला लावणारा दगड

अमेरिकावाल्यांचं कौतुकच करावं राव! पोरीकडं गेल्तो, तर जावयानं तिथल्या एका खेड्यातलं ऐतिहासिक स्थळ दाखवलं. काय, तर चहूबाजूंनी दोरी बांधलेला एक दगड! दीडशे वर्षांपूर्वी वस्तीतल्या बाया त्याच्यावर धुणं धुवायच्या, म्हणून आता हात लावायची मनाई.

"मामा, टोपी काढा," जावई म्हणला.

"काढतो की! आपल्या मळ्यात तर लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड हाये, सात-आठशे वर्षांचा. तुमच्या सासूबाई त्याच्यावर माझे लेंगे आपटतात."

गावी, जाफराबादला परत आल्याबरोबर मीबी दगडापाशी पाटी ठोकली, 'ऐतिहासिक ठेवा. हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी पाहतो, तर बायकोचं धुणं बराबर त्याच दगडावर चालू!

"पाटी दिसत न्हाई का?"

"कशी दिसंल? तुमचाच लेंगा वाळत घातलाय तिच्यावर."