साहेबाचा दगड

रिटायर झाल्यावर मानूस कुठंबी फिरते, बाप्पा. परवा मी घाटंजीजवळच्या गोऱ्या साहेबांच्या जुन्या कब्रस्तानात गेलतो. एका कबरीचा दगड मधात खोलगट झालता, नाव पार पुसलेलं. तिथंच एक म्हातारी बसून त्याच दगडावर विळ्याले धार लावून राह्यली होती.

"बाई, कोनाची कबर व्हय हे?"

"कोन्या साहेबाची. सोयाबीन सोंगाले जाताना आमी सगळ्या इथंच धार लावतो. माह्या सासूनंबी इथंच लावली."

"अवो, त्याले आराम तं करू द्या!"

"आराम?" ती कंबर धरून उठली. "पोराले सांगून ठेवलं भाऊ, माह्यावर दगड नोको ठेवू. मेल्यावरबी लोकं मले कामालेच लावतीन."