सगळीकडं एकच चक्र

हसू नका गं, पण नळदुर्गच्या माझ्या घरी चोरी झाली ना, तेव्हा चोरापेक्षा मीच जास्त घाबरले होते. ठसे घ्यायला आलेल्या साहेबांनी आधी माझ्या दहाही बोटांना शाई लावली. म्हणले, "ताई, घरात आणखी कोण येतं-जातं? त्यांचे ठसे वगळले की उरलेला चोराचा."

कुणीच येत न्हाय म्हणायची लाज वाटली. म्हणलं, "मैत्रिणी येतात की, रोजच!" अन् तुमचीच नावं लिहून दिली.

साहेबांनी कपाटावर, खुर्च्यांवर, कपबशांवर काळी पूड फिरवली, भिंगातून पाहिलं अन् हळूच म्हणले, "सगळीकडं हेच चक्र दिसतंय ताई, तुमच्या अंगठ्याचं."

"मी रोज पुसते ना!"

"पुसलं असतं तर तुमचेबी गेले असते."

"अन् चोराचे?"

"त्यानं हातमोजे घातले होते."

बघा, टीव्ही नेला मेल्यानं, पण खूण काही ठेवली न्हाय. मग मी चहा आणला. साहेब हातमोज्यांनीच कप धरायला गेले. म्हणलं, "ते काढून प्या की, साहेब. एक तरी ठसा राहू द्या मागं."