मागणीची कॉफी

तुर्कस्तानातल्या किर्का गावच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या नेरिमानच्या डावी-उजवीकडे दोन बायका येऊन बसल्या आणि तिच्या डोक्यावरून भांडायला लागल्या.

"माझ्या पोराला, तुंजायला, काय पाजलंत, हाजेरबाई?"

"मागणी घालायला आलेल्या मुलाच्या कॉफीत मुलीनं मीठ घालायचं आणि त्यानं तोंड वाकडं न करता प्यायचं, ही रीतच आहे, विहीणबाई."

"रीत मिठाची आहे, टाकणखाराची नाही. आणि मला विहीण म्हणू नका."

"पोरगी बावरली हो. टाकणखाराची खाण उशाशी, घरात तो असायचाच. कपडे धुवायला तोच, मुंग्या मारायला तोच. बरणी मिठाशेजारीच असते."

"माझ्याकडे मोरीत असते."

"पण कप रिकामा केला त्यानं. भुवईसुद्धा हलली नाही."

"म्हणून तर रात्रभर ओकत होता."

तेवढ्यात नर्सच्या आधारानं पांढराफटक तुंजाय बाहेर आला.

"पोट धुतलंय. आज फक्त ताक द्या," नर्स म्हणाली.

"अरे, तू खाणीत कामाला ना? तुला टाकणखार ओळखता आला नाही?"

"पहिल्याच घोटाला ओळखला, आई."

"मग थुंकायचंस की."

"ती दारातून बघत होती."

नेरिमानचा हात गालावरून कधी खाली आला, ते तिलाही कळलं नाही.

"साखरपुडा रविवारीच उरकून टाकू, विहीणबाई," तुंजायची आई म्हणाली. "कॉफी मात्र मी करीन."