शेवटचा तुकडा

सिनेटर थोराबाईंना दफनभूमीत पोचवून आम्ही मिनेसोटातल्या आमच्या चर्चच्या तळघरात जेवणाच्या रांगेत उभे होतो. माझ्यापुढे आर्डिस आणि तिचा शेजारी मिल्टन होते. समोर हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटे-खिम्याचं, भांडं जवळजवळ रिकामं झालं होतं.

“हॉटडिशचा शेवटचा तुकडा उरलाय, मिल्टन. घे की.”

“छे छे, तू घे.”

“मी? लोक काय म्हणतील!”

“थोरा मात्र सरळ उचलायची हं.”

“वर म्हणायची, सगळ्यांना हवाय, मग वाळवताय कशाला?”

“सिनेटमध्येही तेच. खेड्यांना अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्यांनाच हवी होती, पण कर वाढणार म्हटल्यावर पहिला हात कोण वर करणार? हिनेच केला.”

“आणि त्यापायी निवडणूक हरली. तरी पुढच्या खेपेला मतं मागायला पुन्हा दारात हजर!”

“मी तिला मत दिलं नव्हतं, आर्डिस.”

“ठाऊक होतं तिला. तुझ्या छातीत कळ आली, तेव्हा त्याच अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं ना रे तुला?”

“हो. बघायलाही तीच आली पहिली.”

“आता म्हणे आपला दवाखाना बंद करताहेत. सोमवारी सभा आहे.”

“जाणार सगळेच.”

“जातील रे. पण उठून बोलणार कोण?”

मिल्टनने आपलं ताट त्या तुकड्यापुढे धरलं.

“आण तो चमचा इकडे.”