जुन्या टीव्हीचा गेम

धाडच्या स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या सिंधूताईंच्या शेजारी समता आणि तिचा नवरा धम्मदीप बसले होते. त्याच्या मांडीवर जुना व्हिडिओ गेम होता.

"नवा काऊन नाही घेतला?" समतानं विचारलं.

"नव्याले इंटरनेट लागते. आपल्या गावात फोन तरी लागते काय?"

"मंग याची वायर आपल्या टीव्हीले बसते?"

"नाही. जुना डब्ब्याचा टीव्ही लागते."

"तो कालच तुम्ही इथल्या भंगारवाल्याले देला. डोकं उठवलं माणसानं."

"बाबाचा हात लकव्यानं आखडला, समता. व्यायामाले बॉल देला तर फेकून देतात. लहानपणी हाच गेम आम्ही दोघं खेळत होतो."

समतानं पिशवी उचलली.

"उठा मंग. भंगारवाल्यानं टीव्ही फोडाच्या आधी गाठू त्याले."

बस लागली. सिंधूताई एकट्याच चढल्या.