तुझं अक्षर छान आहे

डोळे तपासायच्या दवाखान्यात निवृत्त मास्तर थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. कान मात्र उघडेच होते. शेजारी एक आत्या आणि तिची भाची बोलत होत्या.

“मग? साहेबीण झाल्यावरची पहिली मीटिंग कशी झाली?”

“सगळे बसले आत्या, आणि माझ्याकडेच बघायला लागले. मी लॅपटॉप कधी उघडते, याची वाट बघत होते सगळे.”

“तू कशाला?”

“कोण काय बोललं ते लिहायला. सहा वर्षं मीच लिहीत होते ना! आठ पुरुषांत मी एकटी. म्हणायचे, तुझं अक्षर छान आहे.”

“अगं, पण तुम्ही तर टाइप करता!”

“तेच तर! पण लिहून लिहून कुठल्या कामात कुणी काय घोळ घातला, ते मलाच पाठ झालं. म्हणून तर प्रमुख केलं मला.”

“मग आज कुणी लिहिलं?”

“म्हटलं, आजपासून पाळी लावू. सुरुवात सगळ्यांत ज्येष्ठ असतील त्यांच्यापासून.”

“ते, मुलींना अवघड काम झेपत नाही म्हणणारे?”

“तेच. दोन बोटांनी टाइप करत होते बिचारे. पहिलंच वाक्य लिहायचं होतं, नवीन सिस्टीम नव्या प्रमुखांच्या, म्हणजे माझ्या, हाताखाली तयार होईल. दोनदा लिहायला लावलं.”

“दोनदा का गं?”

“पहिल्यांदा माझं नावच गाळलं होतं त्यांनी.”

मास्तरांना राहवेना. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, “चुकलीस पोरी. दहादा लिहायला लावायचं होतंस!”